पगारातून १.३ टक्के, बाळंतपणाला १७ आठवडे

शून्य, १७ आणि २२. कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या आणि बाळाची वाट पाहणाऱ्या प्रत्येक स्त्रीने हे तीन आकडे पाठ करून ठेवावेत. खासगी नोकरीतल्या स्त्रीला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बाळंतपणासाठी शून्य आठवडे पगार देतो. कॅलिफोर्निया राज्याच्या विम्यातून सर्वसाधारण बाळंतपणाला १७ आठवड्यांचे पैसे मिळू शकतात. आणि पाच किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कंपनीत तिने पुरेसा काळ काम केले असेल, तर तिची नोकरी साधारण २२ आठवडे कायद्याने राखून ठेवली जाते.

सनीव्हेल, फ्रिमाँट, सॅन होजे या भागांत हजारो मराठी कुटुंबे राहतात. यातल्या अनेकजणी पुण्या-मुंबईत किंवा नाशकात पहिली नोकरी करून इकडे आलेल्या असतात. भारतातला हिशेब त्यांना ठाऊक असतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. तो पगार कंपनी देते. एचआरला कळवले आणि कागद दिले की बहुतेक काम संपते. कॅलिफोर्नियात मात्र पैसा कंपनीच्या तिजोरीतून येत नाही. तो राज्याच्या विमा निधीतून येतो, आणि त्या निधीत दर पगाराला भर घालणारी ती स्वतःच असते. हा पैसा मागावा लागतो, दोन वेगळ्या दाव्यांनी मागावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत मागावा लागतो. यातला एखादा टप्पा चुकला, तर स्वतःच्याच घामाचे हजारो डॉलर हातचे जातात. म्हणून हा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

१७ आठवडे येतात कुठून?

राज्याचा स्टेट डिसॅबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे पे-स्लिपवर दिसणारा एसडीआय, १९४६ पासून चालू आहे. आजारपणामुळे, किंवा कामाबाहेर झालेल्या इजेमुळे, काही काळ काम करता येत नसेल तर बुडालेल्या पगाराचा काही भाग त्यातून मिळतो. गर्भारपण आणि बाळंतपण त्यातच बसते. गुंतागुंत नसेल तर अपेक्षित तारखेच्या आधीचे ४ आठवडे आणि प्रसूतीनंतरचे ६ आठवडे धरले जातात. सिझेरियन झाले तर नंतरचे ६ चे ८ होतात. म्हणजे एकूण १० किंवा १२ आठवडे. यातला पहिला आठवडा बिनपैशाचा, प्रतीक्षेचा. हाती येतात ९ किंवा ११ आठवड्यांचे पैसे.

दुसरा भाग पेड फॅमिली लीव्हचा. त्यात बाळासोबत राहण्यासाठी ८ आठवडे मिळतात आणि प्रतीक्षेचा आठवडा नसतो. हे ८ आठवडे बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही घेता येतात, तुकड्या-तुकड्यांनीही घेता येतात. बाळ दत्तक घेतले असेल तर ते घरी आल्यापासून वर्षभरात घेता येतात.

बेरीज सोपी आहे. सर्वसाधारण प्रसूतीला ९ अधिक ८, म्हणजे १७ पगारी आठवडे. सिझेरियनला ११ अधिक ८, म्हणजे १९.

ही सर्वसाधारण मर्यादा आहे. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी अंथरुणातच राहायला सांगितले, प्रसूतीनंतर जखम भरली नाही किंवा नैराश्याने ग्रासले, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर पहिला भाग वाढवता येतो. त्याची कमाल मर्यादा ५२ आठवड्यांची आहे. गर्भपात झाला किंवा बाळ दगावले, तरी आईचे शरीर सावरेपर्यंतचा लाभ डॉक्टरांच्या दाखल्यावर मिळू शकतो. अशा दिवसांत अर्जाचा विचार कोण करणार? पण घरातल्या दुसऱ्या कोणाला हे माहीत असले, तर निदान पैशाचा घोर तरी कमी होतो.

आठवड्याला किती डॉलर?

१ जानेवारी २०२५ पासून या हिशेबात मोठा बदल झाला. त्याआधी पगाराच्या ६० ते ७० टक्के रक्कम मिळत असे. आता ७० ते ९० टक्के मिळते. वर्षाला साधारण ६३,००० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांना ९० टक्के, त्यावरच्यांना साधारणपणे ७० टक्के. २०२५ साठी कमाल रक्कम आठवड्याला १,६८१ डॉलर होती. २०२६ साठी ती १,७६५ झाली आहे. पगारातली कपात २०२५ मध्ये १.२ टक्के होती, २०२६ साठी १.३ टक्के आहे.

२०२५ च्या दरांनी तीन पगार तपासू. तिन्ही उदाहरणांत पगार वर्षभर सारखा आणि प्रसूती सर्वसाधारण धरली आहे.

• वर्षाला ४१,६०० डॉलर, म्हणजे आठवड्याला ८०० डॉलर. लाभ ९० टक्के, म्हणजे ७२० डॉलर. १७ आठवड्यांचे १२,२४० डॉलर. वर्षाची कपात सुमारे ४९९ डॉलर.

• वर्षाला १,०४,००० डॉलर, आठवड्याला २,००० डॉलर. लाभ ७० टक्के, म्हणजे १,४०० डॉलर. १७ आठवड्यांचे २३,८०० डॉलर. वर्षाची कपात १,२४८ डॉलर.

• वर्षाला ३,१२,००० डॉलर, आठवड्याला ६,००० डॉलर. इथे कमाल मर्यादा आड येते आणि १,६८१ डॉलरच मिळतात. १७ आठवड्यांचे २८,५७७ डॉलर. वर्षाची कपात ३,७४४ डॉलर.

या दरांनी वार्षिक पगार सुमारे सव्वा लाख डॉलरच्या पुढे गेला की लाभ वाढायचा थांबतो. तिसऱ्या उदाहरणातल्या स्त्रीच्या हाती पगाराच्या जेमतेम २८ टक्के पडतात. कपातीला मात्र आता मर्यादा नाही. २०२३ मध्ये कपातीचा दर ०.९ टक्के होता आणि ती फक्त १,५३,१६४ डॉलरपर्यंतच्या पगारावर होत असे, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १,३७८ डॉलर ४८ सेंट. २०२२ साली संमत झालेल्या कायद्याने ही मर्यादा २०२४ पासून काढून टाकली आणि त्या पैशातून कमी पगाराच्या लोकांना ९० टक्के लाभ दिला. मोठ्या पगाराच्या अनेकांना हे खुपते. माझ्या मते हा बदल योग्यच आहे. जुन्या दराने पगाराच्या ६०-७० टक्क्यांत घरभाडे भागत नसे, म्हणून दुकानात किंवा स्वयंपाकघरात राबणारी आई आपल्याच पैशाने भरलेल्या विम्याची रजा घ्यायला धजत नसे. ज्या विम्याचा उपयोग फक्त सुस्थितीतल्यांना होतो, तो सगळ्यांच्या पगारातून कापायचा अधिकार राज्याला राहत नाही.

कराचे एक वाक्य लक्षात ठेवावे. पहिल्या भागातली, म्हणजे बाळंतपणाच्या डिसॅबिलिटीची रक्कम सहसा करमुक्त असते. बाळासोबतच्या ८ आठवड्यांच्या रकमेवर राज्याचा कर नाही, पण केंद्राचा आहे. त्यासाठी १०९९-जी हा फॉर्म मिळतो आणि तो विवरणपत्रात दाखवावा लागतो.

कोणत्या महिन्यांचा पगार धरतात?

नव्याने आलेल्या मुलींची सर्वांत जास्त फसगत इथे होते. लाभ आजच्या पगारावर ठरत नाही. दावा सुरू होण्याच्या साधारण ५ ते १८ महिने आधीची १२ महिन्यांची मुदत धरतात. तिच्या चार तिमाह्यांपैकी ज्या तिमाहीत सर्वाधिक पगार मिळाला, त्या तिमाहीच्या रकमेला १३ ने भागून आठवड्याचा पगार काढतात. पात्र ठरण्यासाठी त्या १२ महिन्यांत एसडीआय कापलेला किमान ३०० डॉलर पगार हवा. ही अट अगदी हलकी आहे, पण तारखा कडक आहेत.

दावा जानेवारी ते मार्चमध्ये सुरू झाला तर आधीच्या ३० सप्टेंबरला संपणारे १२ महिने धरतात. एप्रिल ते जूनमध्ये सुरू झाला तर आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतचे, जुलै ते सप्टेंबरसाठी ३१ मार्चपर्यंतचे आणि ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ३० जूनपर्यंतचे.

समजा, एकजण पुण्याहून बदलून आली आणि १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात रुजू झाली. तिचा दावा १५ जूनला सुरू झाला तर २०२४ चे वर्ष धरले जाईल. त्या वर्षात तिचा पगार पुण्याचा, म्हणून या विम्यासाठी शून्य. दावा १ जुलैला सुरू झाला तर ३१ मार्च २०२५ पर्यंतचा काळ धरला जाईल, त्यात फेब्रुवारी आणि मार्चचा पगार येईल आणि ती पात्र ठरेल. पंधरा दिवसांनी सगळे चित्र बदलते. पुरेसा पगार धरला जात नसेल आणि काम करता न येण्याची स्थिती अजून चालू असेल, तर दाव्याची सुरुवात पुढची तारीख धरून करता येते. अर्ज करण्यापूर्वी या चार तिमाह्या कागदावर मांडून पाहाव्यात. ज्या तिमाहीत बोनस आला असेल, ती मुदतीत बसते का हेही पाहावे.

व्हिसाचा प्रश्न नेहमी निघतो. एच-१बी, ग्रीन कार्ड की नागरिकत्व, यावर हा लाभ अवलंबून नाही. पगारातून हप्ता कापला गेला असेल तर हक्क सारखाच आहे. ही सरकारी मदत नाही, भरलेल्या विम्याचा परतावा आहे, म्हणून कोणी संकोच करू नये. एच-४ वर असलेल्या आणि कामाची परवानगी नसलेल्या स्त्रीला पगारच नसतो, त्यामुळे तिला हा लाभ नाही. परवानगी मिळवून नोकरी करणारीला आहे. कंत्राटी १०९९ वर काम करणाऱ्यांच्या पैशातून हा हप्ता कापला जात नाही, आणि अनेक सरकारी कर्मचारी व शाळांतले शिक्षकही या विम्याबाहेर असतात. त्यांनी आपली पे-स्लिप आधी तपासावी.

९, ४९ आणि ४१

अर्ज ज्या खात्याकडे करायचा ते एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, सगळ्यांच्या तोंडी ईडीडी. सर्वांत आधी पे-स्लिपवर एसडीआय लिहिले आहे की व्हीपीडीआय, ते पाहावे. व्हीपीडीआय असेल तर कंपनीने राज्याऐवजी स्वतःची विमा योजना घेतलेली असते. मग अर्ज ईडीडीकडे नव्हे, त्या योजनेकडे जातो.

राज्याच्या योजनेत पहिला अर्ज रजा सुरू होण्याआधी भरायचा नसतो. काम थांबल्याच्या पहिल्या दिवसापासून ९ दिवस उलटल्यावर तो भरता येतो, आणि ४९ दिवसांच्या आत भरावाच लागतो. खाते मात्र आधीच उघडून ठेवावे. पोटात कळा येत असताना पासवर्ड आणि ओळखपत्राच्या भानगडी कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिला भाग आपण भरायचा. तो पाठवल्यावर पावती क्रमांक मिळतो. तो क्रमांक डॉक्टरांच्या ऑफिसला नेऊन द्यायचा, मग ते दुसरा, वैद्यकीय दाखल्याचा भाग भरतात. आपला भाग भरला म्हणजे अर्ज झाला, असे समजून अनेकजणी निर्धास्त होतात. डॉक्टरांचा भाग येईपर्यंत तो अर्धाच असतो, आणि तोही त्याच ४९ दिवसांत पोहोचावा लागतो. दोन-चार दिवसांनी फोन करून दाखला गेला का ते विचारावे, लाज बाळगू नये. दोन्ही भाग पोहोचल्यावर साधारण १४ दिवसांत निर्णय होतो.

सिझेरियन झाले तर दोन आठवडे आपोआप वाढतील असे धरून चालू नये. प्रसूती कशी झाली हे डॉक्टरांच्या ऑफिसने ईडीडीला कळवले आहे, याची खात्री करावी. बाळंतपणाच्या डिसॅबिलिटीचा लाभ संपत आला की बाळासोबतच्या रजेचा फॉर्म आईच्या खात्यात येतो. तो भरला नाही तर पैसे थांबतात. या रजेचा दावा ती सुरू झाल्यापासून ४१ दिवसांच्या आत करायचा असतो. बाळ दीड महिन्याचे, रात्रीची झोप नाही, घरात पाहुणे, आणि नेमका त्या दिवसांत हा दुसरा अर्ज येतो. म्हणून तो नवऱ्याच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या कॅलेंडरवर आधीच लिहिलेला असावा.

पैसे एका कायद्याचे, नोकरी दुसऱ्याची

ईडीडीने पैसे मंजूर केले म्हणजे नोकरी सुरक्षित झाली, असा समज सगळीकडे आढळतो. तो चुकीचा आहे. ईडीडी फक्त पैसे देते. नोकरी राखणारे कायदे वेगळे आहेत आणि त्यांच्या अटीही वेगळ्या आहेत.

पहिला कायदा गर्भारपणाच्या रजेचा. पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत, पहिल्या दिवसापासून, शरीर काम करू शकत नसेल तितका काळ, जास्तीत जास्त चार महिने नोकरी राखली जाते. दुसरा कॅलिफोर्निया फॅमिली राइट्स अ‍ॅक्ट. तोही पाच कर्मचाऱ्यांपासून लागू होतो आणि बाळासोबतचे १२ आठवडे राखतो. पण त्यासाठी त्या कंपनीत १२ महिने नोकरी आणि मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम झालेले असावे लागते. १० अधिक १२, म्हणून २२ आठवडे. त्यातले १७ पगारी. उरलेल्या ५ पैकी एक प्रतीक्षेचा आणि चार बिनपगारी. या पाचांसाठी आजारपणाची किंवा हक्काची रजा वापरता येते का, ते कंपनीला आधी विचारून ठेवावे. दोन्ही रजांच्या काळात कंपनीने आरोग्य विमा पूर्वीप्रमाणे चालू ठेवायचा असतो.

नोकरीला सातच महिने झालेल्या स्त्रीचा हिशेब मात्र पोकळ निघतो. तिला पेड फॅमिली लीव्हचे ८ आठवड्यांचे पैसे मंजूर होतील. पण दुसऱ्या कायद्याचे संरक्षण नसल्यामुळे कंपनीने त्या आठवड्यांची रजा नाकारली, तर तिला पैसे सोडावे लागतील किंवा नोकरी. एच-१बी वरच्या स्त्रीसाठी हे आणखी अवघड. बाळंतपणाच्या बिनपगारी रजेने तिच्या व्हिसाला बाधा येत नाही, कारण नियमांनी ती रजा मान्य केली आहे. नोकरीच गेली तर मात्र दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात. म्हणून रजेच्या तारखा आणि परत रुजू होण्याची तारीख कंपनीकडून लेखी घ्यावी. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर बदलू शकतो.

वडिलांचे ८ आठवडे

वडिलांनाही तेच ८ आठवडे, त्याच दराने. आई-वडील दोघे नोकरी करत असतील तर घराला मिळून १६ आठवडे होतात. प्रसूतीनंतर आईचे ६ आणि ८, मग वडिलांचे ८, असे एकापाठोपाठ घेतले तर बाळ पाच महिन्यांचे होईपर्यंत आई किंवा वडील घरात असतात. सव्वा महिना आराम मिळावा म्हणून आजी पर्यटक व्हिसावर येते, बहुधा सहा महिन्यांसाठी. वडिलांनी आपली रजा ती असतानाच संपवण्याऐवजी ती परत गेल्यावर घेतली, तर बाळाला पाळणाघरात उशिरा पाठवता येते. बाळासोबत राहणे हा वडिलांचाही हक्क आहे आणि त्यांच्याही पगारातून हप्ता कापला गेला आहे. मराठी घरांतले अनेक पुरुष या विम्याचे पैसे भरतात आणि मागत मात्र नाहीत. हे बदलायला हवे.

राज्य बदलले की हिशेब बदलतो

न्यू जर्सीत, एडिसन-इस्लिनच्या पट्ट्यातल्या मराठी आईचे आकडे वेगळे आहेत. तिथे पगाराच्या ८५ टक्के मिळतात, २०२५ मध्ये आठवड्याला कमाल १,०८१ डॉलर. बाळंतपणाचे १० आणि बाळासोबतचे १२ असे २२ आठवडे. प्रतीक्षेच्या आठवड्याचे पैसेही लाभ तीन आठवडे चालल्यावर मागाहून मिळतात. १,०४,००० डॉलर पगाराच्या स्त्रीला तिथे २०२५ च्या दरांनी २३,७८२ डॉलर मिळत होते, कॅलिफोर्नियापेक्षा फक्त १८ डॉलर कमी. तिची कपात मात्र ५८२ डॉलर, कॅलिफोर्नियाच्या निम्म्याहूनही कमी. ४१,६०० डॉलर कमावणारीला न्यू जर्सी १४,९६० डॉलर देते, म्हणजे २,७२० डॉलर जास्त.

न्यूयॉर्कमध्ये बाळासोबतच्या १२ आठवड्यांना २०२५ मध्ये कमाल १,१७७ डॉलर ३२ सेंट होते, पण शरीर सावरण्याच्या आठवड्यांना कायद्याने मिळणारी कमाल रक्कम फक्त १७० डॉलर. डॅलस आणि ह्यूस्टनमध्येही मराठी वस्ती मोठी आहे, पण टेक्सासमध्ये असा राज्याचा विमा नाही. तिथे कंपनी देईल तेवढेच.

हक्क आपोआप आलेला नाही

१९७४ साली कॅलिफोर्नियाच्या याच विम्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या वेळी पगाराच्या १ टक्का, वर्षाला जास्तीत जास्त ८५ डॉलर कापले जात, पण सर्वसाधारण गर्भारपण विम्यातून वगळलेले होते. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते वगळणे घटनेला धरून आहे असे म्हटले. स्त्रिया हप्ता भरत होत्या, पण बाळंतपणाला त्यांना पैसे नव्हते. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसने गर्भारपणावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या कंपन्यांत १२ आठवड्यांची बिनपगारी रजा दिली. २००२ साली कॅलिफोर्निया पगारी कौटुंबिक रजेचा कायदा करणारे पहिले राज्य ठरले. १ जुलै २००४ पासून ६ आठवडे मिळू लागले, १ जुलै २०२० पासून त्यांचे ८ झाले. शून्यावरून १७ आठवड्यांवर यायला अनेक स्त्रियांच्या अनेक वर्षांच्या लढ्याचे बळ खर्ची पडले आहे.

दोन उणिवा अजून उरल्या आहेत. नव्या नोकरीतल्या आईला पैसे मिळतात पण नोकरीची हमी नाही, आणि बाळंतिणीने पहिला आठवडा बिनपैशाचा का काढायचा, याचे पटणारे कारण कोणी दिलेले नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आहे तो हक्क पुरता वसूल करणे आपल्या हातात आहे. बाळाची चाहूल लागली असेल तर या आठवड्यातच पे-स्लिप काढा, चार तिमाह्या मांडा, ईडीडीचे खाते उघडा आणि कंपनीकडून रजेच्या तारखा लेखी घ्या. ओळखीत कोणी पोटुशी असेल तर ९, ४९ आणि ४१ हे तीन आकडे तिला आजच कळवा.